तलावाकाठचा आमचा आठवडा

वडिलांनी तो आठवडा हैदराबादला नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, विकत घेतला. आम्ही खरं तर सोलापुरी चादरी बघायला गेलो होतो. चादरींच्या रांगेच्या टोकाला एका स्टॉलवर काचेच्या पेटीत एक गाव मांडलं होतं: निळ्या रंगाचा तलाव, त्याच्या काठानं लाल छपरांची छोटी छोटी घरं, स्पंजची झाडं. टाय लावलेला एक मुलगा वडिलांशी बोलायला लागला. आई आणि मी चादरी घेऊन परत आलो तोवर वडील खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि सही झालेली होती. साधा मिक्सर घ्यायचा तर तीन जणांना विचारणारा हा माणूस.

"आठवडा विकत घेतला म्हंजे?" आईनं रिक्षात विचारलं.

"म्हणजे शहराबाहेर तलावाकाठी एक कॉटेज आहे. डिसेंबरातला शेवटून दुसरा आठवडा दरवर्षी ती आपली. माझ्यानंतर तुझी, तुझ्यानंतर हिची."

"आन् बाकीचं वर्ष?"

"बाकीचं वर्ष दुसऱ्यांची."

आईनं थोडा विचार केला. "मग भांडी कुणाची?"

भांडी रिसॉर्टची होती. कॉटेजमध्ये एक खोली, व्हरांडा आणि पाठीमागे गॅसच्या शेगडीचं स्वयंपाकघर. रिसॉर्ट एका बिल्डरचं होतं आणि त्याचे मेव्हणे ते चालवत. रिसेप्शनवर प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले असत. आम्ही पोचलो की "आओ जी, आपका घर खोल के रख्या" म्हणत किल्ली पुढे सरकवायचे. नळ गळत, गीझर कधी चाले कधी नाही. पण तक्रार केली की ते स्वतः पाना घेऊन यायचे, त्यामुळे तक्रार करायलाच संकोच वाटायचा.

टाइमशेअरची एक गंमत असते, ती स्टॉलवरच्या मुलानं सांगितली नव्हती. आठवडा ठरलेला असल्यामुळे शेजारीही ठरलेले असतात. आमच्या डाव्या हाताच्या कॉटेजमध्ये वरंगलकडचं एक जोडपं यायचं. त्या बाईंना आम्ही आक्का म्हणायचो. त्या आईला वदिना म्हणायच्या, म्हणजे वहिनी. उजव्या हाताला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर साहेब. त्यांची बेगम पहिल्याच दोन-तीन वर्षांत वारली, तरी ते दर डिसेंबरात यायचे, एकटे, मासे पकडायचा गळ घेऊन. त्यांना मासा मिळाल्याचं मला आठवत नाही.

तिन्ही स्वयंपाकघरांतल्या शेगड्या सकाळपासून पेटायच्या. आई ज्वारीचं पीठ घरून न्यायची. आमचे आजोबा नांदेडकडून नोकरीसाठी इथं आले, शेती सुटली, पण भाकरी सुटली नाही. आक्का पप्पू, म्हणजे तेलुगू पद्धतीचं वरण, आणि चिंचेचा भात करायच्या, इंजिनियर साहेब बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्याच्या फोडणीचा भात. दुपारी व्हरांड्यात सतरंजी टाकून सगळे एकत्र जेवायचे. तीन भाषांत गप्पा चालायच्या आणि कुणाचंच अडायचं नाही. मी तेव्हा नोकरीला लागले होते, पुढे लग्न झालं, हिमायतनगरला आईवडिलांच्या जवळच घर घेतलं. सुट्टी मिळो न मिळो, डिसेंबरात निदान तीन-चार दिवस मी तिथं जायचेच.

वडील गेले आणि आठवडा आईच्या नावावर झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी एक मेल आली. इंग्रजीत होती. जमीन आणि इमारती बिल्डरच्याच राहणार, पण इथून पुढे रिसॉर्ट चालवणार एक मोठी हॉटेल कंपनी. 'आपला अनुभव अधिक समृद्ध होईल', असं काहीतरी शेवटी लिहिलं होतं. मी आईला वाचून दाखवली.

"मेव्हणे कुठं गेले?" तिनं विचारलं.

ते मेलमध्ये नव्हतं.

त्या डिसेंबरात फाटकापाशीच आम्हाला थांबवलं. गाडीखालून आरसा फिरवून बघितलं. रिसेप्शनच्या जागी उंच छताची लॉबी झाली होती, मधोमध पाण्यात तरंगणारी फुलं. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, ओनर्ससाठी दुसरा काउंटर आहे, बाहेरून वळसा घालून." वळसा घातला. तो काउंटर म्हणजे कपडे धुवायच्या खोलीशेजारची एक खिडकी. तिथं आमच्या मनगटावर हिरव्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. हॉटेलच्या पाहुण्यांना निळ्या होत्या. हिरव्यावाल्यांना शनिवार-रविवारी पोहण्याचा तलाव बंद.

कॉटेज मात्र आमचीच मिळाली. आत नवं फर्निचर, पांढऱ्या चादरी, भिंतीएवढा टीव्ही. मी पिठाचा डबा घेऊन मागं गेले तर स्वयंपाकघर नव्हतं. ओटा काढून टाकला होता, गॅस गेला होता. त्या जागी कपड्यांचं कपाट आणि त्यावर चहाची किटली. डबा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. वडिलांनी त्या ओट्याशेजारी भिंतीला एक खुंटी ठोकली होती, टॉवेल अडकवायला. तीही नव्हती. मला एकदम रडू आलं आणि त्याचा मलाच राग आला.

"मॅनेजरला भेटते," मी आईला म्हटलं.

"भेट की. मी जरा पडते. गादी लई मऊ हाय."

मॅनेजर तिशी-पस्तिशीचा होता. मी इंग्रजीत सुरुवात केली. मध्येच मोबाईलवर आईचा फोन आला, मी तिच्याशी बोलले आणि फोन ठेवला तर तो मराठीत म्हणाला, "तुम्ही मराठी आहात? मी पुण्याचा."

मला बरं वाटलं. वाटलं, आता काम होईल.

"तुम्ही आमचं स्वयंपाकघर काढून टाकलंत," मी म्हटलं.

"सगळ्याच कॉटेजेसचं काढलं, मॅडम. आगीचा धोका. कंपनीच्या कुठल्याच प्रॉपर्टीत खोलीत गॅस नसतो."

"पण आम्ही काही खोली भाड्यानं घेतलेली नाही. आम्ही मालक आहोत."

"तुम्ही आठवड्याच्या वापराच्या हक्काच्या मालक आहात." हे तो उद्धटपणे बोलला नाही. पाठ केलेलं असावं असं बोलला. "कॉटेजच्या आतली रचना ठरवायचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे. तुमच्या करारातच तसं आहे. जुन्या लोकांनी कधी तो वापरला नाही, एवढंच."

घरी आल्यावर मी करार काढून वाचला. तसंच होतं. 'राहण्यायोग्य एक खोली आणि सामायिक सुविधा', एवढंच आमचं. ओटा, शेगडी, तलावाकडे तोंड असलेला व्हरांडा, शेजारी कोण असावं, यातलं काहीच कुणी कबूल केलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते मिळत होतं म्हणून आम्ही ते आमचं धरून चाललो होतो.

त्या आठवड्यात आम्ही रेस्टॉरंटमध्येच जेवलो. इंजिनियर साहेब ताटाकडे बघून म्हणाले, "ये बगारा है? इसकू किसने बगारा बोला?" आक्का घरून आणलेल्या लोणच्याची बाटली पर्समध्ये लपवून आणायच्या. आई नाश्त्याला बराच वेळ बसायची, दोन-दोनदा डोसा घ्यायची. मला वाटलं, वेळ घालवतेय बिचारी.

जानेवारीत आम्ही सगळ्या मालकांची बैठक बोलावली. हिमायतनगरला एका टिफिन सेंटरच्या वरचा छोटा हॉल मिळाला. मला वाटलं होतं पंधरा-वीस लोक येतील; खुर्च्या कमी पडल्या. तिथं कळलं की आमच्यात दोन तट आहेत. म्हातारे लोक आणि त्यांची माझ्यासारखी मुलं, ही एक बाजू. आम्हाला जुनं ते सगळं परत हवं होतं. दुसरी बाजू हायटेक सिटीकडच्या, आयटीतल्या तरुण जोडप्यांची. बरेचसे पुण्या-मुंबईहून आलेले, कुणी आठवडा दुसऱ्याकडून घेतलेला, कुणाला सासऱ्यांनी दिलेला. कंपनीनं त्यांच्यापुढे नवी योजना ठेवली होती: ठरलेला आठवडा सोडून द्या, त्याबदली पॉइंट घ्या, आणि ते पॉइंट कंपनीच्या कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही महिन्यात वापरा.

"त्याच त्याच तळ्याकाठी दरवर्षी जाऊन करायचं काय?" एका तरुण मुलीनं विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं, पण इंजिनियर साहेबांना ते फार लागलं.

"बेटी, तुम लोगां घूमने जाते. हम लोगां घर जाते," ते म्हणाले आणि खाली बसले.

मालकांची एक समिती झाली आणि मला इंग्रजी पत्रं लिहिता येतात म्हणून मला सेक्रेटरी केलं. वर्षभर मी पत्रं लिहीत राहिले. ऑफिसातून आल्यावर जेवण उरकून लॅपटॉप उघडायचा. कंपनीकडून दर वेळी वेगळ्या माणसाचं उत्तर यायचं आणि प्रत्येकाला आमच्या भावनांची कदर असायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "हे नक्की कुणासाठी चाललंय?" मी म्हटलं, आईसाठी. तिचं स्वयंपाकघर गेलंय.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पोचलो तेव्हा फाटकापासून लॉबीपर्यंत झेंडूच्या माळा होत्या. लग्न होतं. कपडे धुवायच्या खोलीशेजारच्या खिडकीवर आमच्या हातात वेगळ्याच किल्ल्या ठेवल्या. तलावाकाठच्या सगळ्या कॉटेजेस लग्नाच्या पाहुण्यांना दिल्या होत्या. आमची सोय मागच्या नव्या इमारतीत, पार्किंगच्या बाजूला.

आक्का आणि त्यांचे यजमान आमच्या आधीच आले होते. ते बॅगा घेऊन लॉबीत सोफ्यावर बसले होते, काय करावं ते न कळून. मग इंजिनियर साहेब आले. त्यांनी किल्ली घेतलीच नाही. गळ भिंतीला टेकवून उभा केला, आक्कांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मैं इद्दरीच बैठता. मेरा कॉटेज खाली होता तब उठता."

आम्हीही बसलो. दुसरं काय करायचं ते सुचेना. आणखी काही हिरव्या पट्टीवाले येऊन बसले. आमच्यातल्या बहुतेकांचे केस पांढरे, पायाशी बॅगा आणि पिशव्या. समोरून वऱ्हाडी येत-जात होते, मुली घागरे सावरत फोटो काढत होत्या. मॅनेजर दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला माझ्याजवळ वाकून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, प्लीज. काकूंना तरी वर खोलीत घेऊन जा. असं बरं दिसत नाही."

"ते तुम्ही आधी बघायला हवं होतं," मी म्हटलं.

आईनं त्याला हाक मारली. "बाळा, तू जेवलास का? सकाळधरनं नुसता पळायलास."

त्याला 'पळायलास' कळायला क्षणभर लागलं. मग हसला. "नाही काकू, अजून नाही."

तेवढ्यात नवऱ्या मुलीचे वडील आले. मोत्याच्या रंगाची शेरवानी, घामाघूम झालेले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की लॉबीत काही म्हातारी माणसं बसून आहेत आणि उठत नाहीत. ते तेलुगूत आक्कांशी बोलले. आक्कांनी सगळं सांगितलं, न रडता, न चिडता. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी मॅनेजरकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मला म्हणालात कॉटेजेस रिकाम्या आहेत. या लोकांच्या घरांत माझे पाहुणे ठेवलेत?"

मॅनेजर काहीतरी सांगू लागला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात असे लोक माझ्यामुळे दाराशी बसलेले मला चालणार नाहीत, असं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले. दोन कॉटेजेस आत्ता रिकाम्या करून देतो, माझे भाऊ मागच्या इमारतीत जातील, असंही म्हणाले.

मी उठलेच होते. जिंकल्यासारखं वाटत होतं. आईनं माझा पदर धरला.

"नक्को," ती त्यांना म्हणाली. हे तिचं खास हैदराबादी नक्को. "लग्नाच्या घरात माणसं हलवू नका. आम्हाला सात दिवस हायेत. तुमचं आजच हाय."

आक्कांनीही मान हलवली. इंजिनियर साहेबांनी जरा वेळ घेतला. मग गळ उचलून म्हणाले, "ठीक है. भाभी बोले तो ठीक है."

त्या दिवशी आम्ही सगळे लग्नाला जेवलो. मुलीच्या वडिलांनी स्वतः येऊन पानात वाढलं. मी मात्र जेवताना आईशी बोलले नाही. वर्षभर मी भांडले आणि हिनं एका शब्दात सगळं सोडून दिलं, असं मला वाटत होतं.

प्रत्यक्षात झालं ते वेगळंच. लग्नानंतर मुलीच्या वडिलांनी कंपनीच्या वरच्या माणसांना फोन केला. त्यांचा या शहरात बराच मोठा व्यवसाय आहे, अशी समारंभांची कामं त्यांच्यामार्फत हॉटेलांना मिळतात, हे आम्हाला नंतर कळलं. पंधरवड्यात आम्हाला बैठकीचं बोलावणं आलं, तेही लॉबीच्या वरच्या, लाकडी टेबलाच्या खोलीत. माझ्या पत्रांनी जे झालं नव्हतं ते त्यांच्या एका फोननं झालं. याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कुणामुळे का होईना, आमचं ऐकायला माणूस समोर बसला होता.

सगळं मिळालं नाही. तलावाकाठच्या कॉटेजेस गेल्या त्या गेल्याच. ज्यांना ठरलेला आठवडा ठेवायचा त्यांना मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या, तिथून झाडांवरून तलाव दिसतो. आमच्या आठवड्यात आमची खोली दुसऱ्या कुणाला देणार नाहीत, हे लिहून दिलं. मजल्याच्या टोकाला विजेच्या शेगड्यांचं एक सामायिक स्वयंपाकघर. पट्ट्या सगळ्यांना एकाच रंगाच्या. वर्षाचा देखभालीचा खर्च वाढला, तो मात्र कमी होईना. ज्यांना हे नको त्यांनी पॉइंट घ्यावेत.

सामायिक स्वयंपाकघर मी हट्टानं मिळवलं होतं. त्याच संध्याकाळी आईकडे गेले. ती टीव्ही बघत भाजी निवडत होती.

"मिळालं स्वयंपाकघर," मी म्हटलं. "गॅस नाही, पण भाकरी होईल."

आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. "मला पाइंट पाहिजेत," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी समजावायला लागले. पॉइंट घेतले तर आठवडा जाईल, तलाव जाईल, बाबांनी घेतलेलं सगळं जाईल.

"कळालंय मला. आक्कांच्या जावयानं सगळं सांगितलंय फोनवर. त्या कंपनीचं विशाखापट्टणमला हॉटेल हाय, समुद्राला लागून. आक्का आन् मी जाणार हाव."

"आणि स्वयंपाकघर?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, इतकी वर्षं तळ्यावर जाऊन मी भाकऱ्याच थापल्या की. हितं बी तेच, तिथं बी तेच. तुझ्या बाबांना आवडायचं, माणसं जमायची, मलाबी बरं वाटायचं. पण त्या कंपनीच्या पहिल्या साली सकाळी नाश्त्याला गेले आन् एवढं सगळं आयतं मांडून ठेवलेलं बघितलं… एक पोरगा येऊन विचारतो, अम्मा, डोसा कुरकुरीत करू का मऊ? मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं गं."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तू इतक्या मनापासून भांडायलीस. तुला बाबांचं दुःख हाय, त्यात कशाला बोलायचं. भांडून तुला बरं वाटत असंल तर भांडू दे म्हटलं."

मी गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. ती म्हणत होती ते खरं होतं. मी कंपनीला लिहिलेल्या एकूण एक पत्रात 'माझी वयस्कर आई' होती आणि त्या आईला मी एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय हवंय.

सेक्रेटरीच्याच आईनं पॉइंट घेतले म्हणून समितीत थोडी कुजबुज झाली. मी राजीनामा देऊ केला, पण पत्रं लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे तो कुणी घेतला नाही.

फेब्रुवारीत आई आणि आक्का विशाखापट्टणमला गेल्या. आक्कांचे यजमान गुडघ्यांमुळे गेले नाहीत. मी आणि आक्कांच्या मुलीनं दोघींना सिकंदराबादहून गाडीत बसवून दिलं आणि हॉटेलची गाडी स्टेशनवर येईल ना, म्हणून सारखे फोन केले. दोघींनी आमचे फोन उचलायचं बंद केलं. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला: घोट्यापर्यंत पाण्यात दोघी, साड्या पिंढरीपर्यंत वर धरलेल्या, मागं लाट. तो कुणी काढला हे आई अजून सांगत नाही. परत आल्यावर ती आठवडाभर समुद्राबद्दल कमी आणि तिथल्या नाश्त्याबद्दल जास्त बोलली.

इंजिनियर साहेबांनी आठवडा सोडला नाही. या डिसेंबरात एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. फाटकावर आरशाचा पहारेकरी तोच होता, मॅनेजर मात्र बदललेला. पुण्याच्या मुलाला जयपूरला पाठवलं, असं कळलं. साहेब दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात होते. हायटेक सिटीकडचं एक जोडपं आठवडा ठेवून राहिलं होतं. त्यातला नवरा साहेबांच्या शेजारी उभा राहून कांदा तळत होता आणि साहेब त्याला सांगत होते, "जल्दी नक्को करो मियाँ. कांदा लाल होने दो."

मला खुर्ची दिली. आई कशी आहे, विचारलं. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ बघितला.

"भाभी खुश हैं?"

"हौ. पुढच्या वर्षी दोघी केरळला जायचं म्हणतात."

"अच्छा है," ते म्हणाले आणि तांदूळ धुवायला वळले.

आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर जेवलो. ऊन झाडांवर आलं होतं, तलावाचा एक तुकडा दिसत होता. भात चांगला झाला होता, जरासा खाली लागलेला. जेवण झाल्यावर साहेबांनी गळ घेतला आणि आम्ही सगळे खाली काठाशी गेलो. मी तासभर बसले. मासा काही लागला नाही. मग ट्रॅफिक वाढायच्या आत मी घरी निघाले.